डोळ्यांवरची टोपी

मी एक जुना शिकारी चित्ता आहे. मित्रांनो, नेकनूरजवळच्या एका जहागिरीत, तबेल्यामागे साखळीला बांधलेला मी तुम्हाला दिसेन. तुम्ही मात्र मला दिसणार नाही. माझ्या डोळ्यांवर कातडी टोपी आहे.

मला रानातून फासात धरून आणले, तेव्हा जहागिरीतले चित्ते सांभाळणाऱ्या हबीबने माणसाळवले. मला ज्या खाटेवर बांधत, तिच्याशेजारी बसून तो तासन्‌तास बोलत राही. शिकारीला मला बैलगाडीतून नेत. काळवीट दिसले, की हबीब टोपी काढून मला सोडी.

तेव्हा माझ्या मेंदूच्या तळाशी असलेली एक जागा जागी होई. कान पुढे, अंगावरचे केस निवांत, तोंडातून आवाज नाही. शिकारीत राग नसतो, मित्रांनो. राग भीतीच्या जागेतून येतो. ती वेगळी आहे, पण अगदी शेजारी. ती जागी झाली, की कान मागे पडतात, पाठीवरचे केस उभे राहतात आणि पंजा आपोआप सुटतो. म्हणून एक रीत होती. शिकार पडली, की हबीब लाकडी पळीत तिचे ऊन रक्त धरी, मी ते चाटत असताना टोपी चढवी आणि मगच कुणी काळविटाला हात लावी.

त्या दिवशी जहागीरदार सुंदररावांबरोबर हैदराबादचे पाहुणे होते. काळवीट माझ्या दातांखाली निपचित पडले होते. हबीब पळी भरत होता. पाहुण्यांना शिंगे दाखवायच्या घाईत सुंदरराव पुढे आले.

"थांबा सरकार, टोपी चढू द्या."

"पाळलेलं जनावर हाय बे. मला काहून खाईल?"

त्यांनी शिंग धरून ओढले. माझा पंजा सुटला. मध्ये हबीबने हात घातला होता.

जखम चिघळली. उजवा हात मनगटापासून कापावा लागला. सुंदररावांनी मला पिसाळलेला ठरवून बंदूक मागवली. हबीबची बायको अजमतबी हिलाही ते योग्यच वाटले. पण हबीब पट्टी बांधलेला हात घेऊन बंदुकीसमोर उभा राहिला.

"हात माझा गेला, सरकार. ते पिसाळलं न्हाई, भ्यालंय."

जीव वाचला, पण टोपी पुन्हा काढायची नाही, असा हुकूम झाला. अजूनही वाऱ्यावर काळविटांचा वास येतो, पाय ताठतात आणि साखळी वाजते. पाऊल वाजले, तर कोण आले ते पाहता येत नाही; म्हणून मी सगळ्यांनाच भितो.

मित्रांनो, जनावर फिस्कारले, तर त्याला दुष्ट म्हणण्याआधी दोन पावले मागे सरा.

संध्याकाळी एक पळी माझ्या ओठांना लागते. आता तिच्यात पाणी असते. डाव्या हातातली म्हणून ती हिंदकळते, थोडी सांडते. सांडली, की मला कळते, हबीब आला. तेवढा वेळ माझे कान मागे पडत नाहीत.