तिसऱ्या खंडातला फोटो

आमच्या रिठदच्या विहारात मी संध्याकाळी वाचनालय चालवते. पुस्तकं फार नाहीत. त्यांतली सगळ्यांत जास्त हाताळलेली दोन म्हणजे पुण्याच्या सह्यकडा युनायटेड या व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या सचित्र इतिहासाचे पहिले दोन खंड. कुणीतरी रद्दीतून वाचवून पाठवलेले होते. पुण्याचं मैदान आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं, पण त्यातले जुने खेळाडू पोरी चुलत्या-मामांसारख्या ओळखायच्या.

ही पुस्तकं वाचायची आमची एक रीत होती. फोटोखालची ओळ आधी तळहाताने झाकायची, मग फोटो बघायचा. सावली कोणत्या बाजूला पडली आहे, कोण हसतंय, कोण कंटाळलंय, कुणाची चड्डी मागून आणल्यासारखी ढगळ आहे, हे सगळं सांगून झालं की हात काढायचा. पहिल्या खंडात अनवाणी खेळाडूंचा एक फोटो आहे, घोट्यांना पट्ट्या बांधलेल्या. निकिताने विचारलं होतं, "बाई, यायचे बूट कोनं चोरले?"

"हात काढ आणि वाच," मी म्हटलं.

त्या काळी बरेच खेळाडू आपखुशीने अनवाणी खेळत, असं खाली लिहिलं होतं.

"आपखुशीनं असंन तर चालते," निकिता म्हणाली आणि तिने पान उलटलं.

ही पुस्तकं बघता बघताच पोरींनी गावाबाहेरच्या पडीक जागेत फुटबॉल सुरू केला. धम्मदीपा त्यांची गोलकीपर. तिचा बाप रवी माझाच विद्यार्थी, आता एसटीत कंडक्टर आहे. त्याने अकोल्याहून तिला बूट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे आणून दिले, तेव्हा ती बूट उशाशी घेऊन झोपली होती, असं तिची आजी भागिरथाबाई सांगते.

हिवाळ्यात क्लबची माणसं आली. येऊ घातलेल्या तिसऱ्या खंडात गावोगावच्या मुलींवर एक प्रकरण असणार होतं. त्यांच्या फोटोग्राफरने मला विचारलं, "मॅडम, मुली बूट काढून खेळल्या तर चालेल का? पहिल्या खंडाशी नातं जुळेल."

मी म्हटलं, "नाही. त्या बुटात खेळतात."

"ठीक आहे, ठीक आहे," तो म्हणाला. मी त्यांच्यासाठी चहा टाकायला गेले. परत आले तर तो ओल्या कागदी रुमालांनी एकेक बोट पुसत होता. त्या रुमालांना गुलाबाचा गोड वास होता. मातीत खेळणाऱ्या पोरींचे फोटो काढले, हात मळले असतील, एवढंच मला वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर पुस्तक आलं. पोरी घोळका करून बसल्या. धम्मदीपा मात्र दाराशीच उभी राहिली. मी पानं उलटत गेले आणि तिचा फोटो आला. पूर्ण पानभर. सवयीने मी खालच्या ओळीवर तळहात ठेवला.

"धम्मा हाये," पिंकी ओरडली. ती सहा वर्षांची, सगळ्यांत लहान.

फोटोत धम्मदीपा चिखलात अनवाणी बसली होती. केस विस्कटलेले, गालावर चिखलाचे चार फराटे, डोळे खाली.

"बघा," मी म्हटलं. "काय दिसतं?"

निकिता वाकली. बराच वेळ बघत राहिली. "गुडघे काळे हायेत अन् खाली पाय गोरे हायेत. मोज्याचं हाये ते. आपल्या सगळ्यायचे तसेच हायेत."

"अजून?"

"गालावरचा चिखल..." तिने आपली चार बोटं फोटोजवळ नेली. मग ती मिटून घेतली. "हे बोटं धम्माचे नाहीत, बाई. लय जाड हायेत."

गुलाबाचा तो वास माझ्या नाकात पुन्हा आला. एका परक्या पुरुषाने आमच्या पोरीच्या गालावर चिखल फासला होता आणि मी त्याला आलं घालून चहा दिला होता.

"हात काढा, बाई," धम्मदीपा दारातून म्हणाली. "वाचा."

मी हात काढला. खाली छापलं होतं: 'अनवाणी स्वप्न. वाशिम जिल्ह्यातल्या या मुलीने कधी बूट पाहिले नव्हते.' नाव नव्हतं. समोरच्या पानावर क्लबचा कप्तान एका नव्या बुटाच्या जोडासह हसत होता.

"मी बूट काढाले नाही म्हटलं होतं," धम्मदीपा म्हणाली. "तर म्हने, मंग दुसरीचा काढतो. मले पुस्तकात यायचं होतं." मग तिने विचारलं, "बाबाले दाखवू काय?"

"दाखव."

दुसऱ्या दिवशी रवी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. मागून भागिरथाबाई आणि धम्मदीपा. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हात शर्टाला पुसला.

"बाई, आता बंद," तो म्हणाला. "फुटबॉल बंद. पोरगी शाळेत जाईन अन् घरी येईन."

"तिने काय केलं, रवी?"

"तिनं बूट काढले. माह्या आज्यानं पायात जोडा घातला म्हून मार खाल्ला होता, तुमाले माहीत हाये. अन् हिनं फोटोसाठी काढून ठेवले. आमी चांगले कपडे घालतो, पोरायले चांगलं ठेवतो, तरी यायले आमी असेच पायजेत. चिखलात."

तो खरं बोलत होता. मी पुस्तक उघडलं, ओळ झाकली आणि त्याच्यापुढे सरकवलं. "तुला चौथीत शिकवलं होतं तसं बघ. पाय बघ."

त्याला बघवत नव्हतं. तरी त्याने बघितलं. मोज्याच्या खुणेवर त्याची नजर थांबली, तसा त्याचा अंगठा त्या खुणेवरून एकदा फिरला.

"ते मोजे तूच आणले होतेस," मी म्हटलं. "फोटो खोटं बोलत नाही आहे. खोटं खाली छापलं आहे, आणि गालावर फासलं आहे. पोरीला कशाची शिक्षा देतोस?"

रवीने पुस्तक मिटलं. तेव्हा धम्मदीपाने सांगितलं की क्लबवाल्यांचा फोन आला होता. रविवारी वाशिमला प्रकाशन आहे. तिने स्टेजवर यायचं. अनवाणी. कप्तान सगळ्यांसमोर तिला बूट घालून देणार.

रवी उठलाच. "ऐकलं काय, बाई? अजून एकदा."

"बस बापू," भागिरथाबाई म्हणाल्या. त्या आतापर्यंत भिंतीला टेकून होत्या. "माही सासू पाटलाच्या गल्लीतून जाये तं चपला टोपलीत ठेवे. गल्ली सरली की घाले. मी नवी नवरी आली अन् पायातच ठेवल्या. लय बोलले लोक. मी काय गल्लीतून जाणं सोडलं नाही." मग त्या नातीकडे वळल्या. "जाय तू. पन बूट घालून जाय."

"तिथं पुन्हा तमाशा झाला तं?" रवी म्हणाला.

"तं मंग तुह्या मनानं कर. बंद कर सगळं."

रविवारी आम्ही गेलो. हॉलमध्ये गालिचा, अत्तर, पेढे. मला पेढा दिला तो मी हातात तसाच धरून ठेवला, त्याचं तूप बोटांवर उतरलं. महापुरुषांच्या तसबिरींना फुलं वाहायला पिंकी आईबरोबर पुढे गेली होती, त्यासाठी चपला दाराशी काढून. मग ती पहिल्याच रांगेत जाऊन बसली.

धम्मदीपाचं नाव पुकारलं नाही. "आपली अनवाणी स्वप्नकन्या" असं पुकारलं. ती बूट घालूनच चढली. लाकडी स्टेजवर बुटांचा टकटक आवाज झाला.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माईक बाजूला धरून, हसू न मोडता म्हणाल्या, "बाळा, बूट काढून यायला सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं," धम्मदीपा म्हणाली. "पन हे माह्येच हायेत."

कप्तान बिचारा तरुण पोरगा. नवे बूट हातात धरून एकदा तिच्या पायांकडे, एकदा त्या बाईंकडे बघत राहिला. त्याला कुणी काही सांगितलं नसावं. खाली टाळ्या सुरूच होत्या. काय झालं ते लोकांना कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

फोटोग्राफरला मात्र कळलं. त्याची नजर हॉलभर फिरली आणि पहिल्या रांगेत पिंकीच्या पायांवर येऊन थांबली. त्याने तिला काखेत धरून उचललं आणि स्टेजवर ठेवलं. मग तिच्या एका वेणीची रिबीन ओढून सोडली आणि केस बोटांनी विस्कटले. सकाळी तिच्या आईने तेल लावून घातलेली वेणी होती ती. कोबीचा वरचा पाला काढावा तसं त्याने ते केलं, तिच्याकडे न बघता. मी पेढा खुर्चीखाली टाकला.

रवी माझ्या शेजारी उभा राहिला होता. मी त्याचा हात धरला. "थांब," मी म्हटलं, "धम्मा आहे तिथे."

कप्तान वाकला. मोठ्या मुलीच्या मापाचा बूट पिंकीच्या पावलापुढे होडीसारखा दिसत होता. पिंकी माईकच्या अगदी जवळ होती.

"माह्या चपला बाहेर हायेत," ती म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. लोक हसले. कौतुकाने हसले, त्याचीच मला जास्त किळस आली.

धम्मदीपा स्टेजवरून उतरली. रांगांमधून चालत दारापर्यंत गेली. चपलांच्या ढिगात थोडा वेळ शोधत राहिली. मग निळ्या पट्ट्याच्या दोन छोट्या चपला घेऊन तशीच परत आली. हसणं थांबलं होतं. ती पिंकीपुढे एका गुडघ्यावर बसली, एक पाऊल उचललं, हाताने पुसलं, चपलेत सरकवलं. मग दुसरं. मग तिने फोटोग्राफरपुढे हात पसरला. त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने मुठीतली रिबीन दिली. तिने ती बांधली. कप्तानाने नवे बूट खोक्यात परत ठेवले आणि खोक्याचं झाकण नीट लावलं. तेवढं मला बरं वाटलं.

फोटोग्राफरने मात्र तेही टिपलं होतं. खाली काय छापेल, कोण जाणे.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची बाकं मिळाली. पिंकी धम्मदीपाच्या मांडीवर झोपली होती, चपला पायातच. माझ्या पिशवीत तिसरा खंड होता. तो मी फेकणार नव्हते. पहिल्या दोन खंडांच्या शेजारी ठेवणार होते, पोरींनी हात ठेवून बघण्यासाठी.

रवी खिडकीबाहेर बघत होता. जऊळक्याच्या फाट्याची पाटी मागे गेल्यावर त्याने विचारलं, "उद्या प्रॅक्टिस हाये काय?"

"हाये," धम्मदीपा म्हणाली.

"एका बुटाचा तळ उकलून राह्यला. वर चढली तवा दिसला. रात्री दे मले, शिवून आनतो."