मागचीचा टाक

चांदीचा तो पत्रा बोटाच्या पेराएवढाच – रतनबाई लसूण सोलायला वाकली की काळ्या मण्यांतून पुढं लोंबायचा, दाराच्या उजेडात एकदा चमकायचा आणि पुन्हा पदराआड जायचा. त्यावर उमटवलेली बाई आता ओळखू येत नव्हती, नाक केव्हाच झिजलं होतं, दोन हात तेवढे उरले होते... आणि भागवत गुरुजी पेपर तोंडापुढं धरून त्याच्या कडेवरून तो पत्रा बघत होते, इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता तसा. मागचीचा टाक. त्यांची पहिली बायको दगडाबाई हरिओमला पाळण्यात ठेवून गेली, वर्षाच्या आत रतनबाई आली, आणि लग्नाआधी पाटोद्याच्या सोनाराकडून हा टाक घडवून आणला – बिजवराला दिलेल्या मुलीनं मेलेल्या सवतीला गळ्यात घालून नांदायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा घास आधी तिला, मग आपण; म्हणजे ती कोपत नाही.

उंबऱ्याशी स्वप्ना पालथी पडून मोठ्यानं वाचत होती. हरिओमची मुलगी, चौदा वर्षांची, सुट्टीला पुण्याहून आलेली. आणि वाचत होती गुरुजींचीच कादंबरी, नुकतीच छापून आलेली – गोष्टींतल्या दुष्टांच्या मुलांची. राक्षसाचा मुलगा, चेटकिणीची मुलगी, सावत्र आईची मुलगी. मिसरूड फुटायच्या वयाची, कुठल्याच गावात शाळेत न घेतलेली.

“‘माझ्या बापानं माणसं खाल्ली,’ राक्षसाचा मुलगा म्हणाला, ‘म्हणून मी भाकरी मागितली तरी लोक दार लावून घेतात.’”

“खरंच हाय की,” रतनबाई म्हणाली. “लेकरानं काय केलं त्याच्यात? पर काय गं, ह्ये समदं तुज्या आबानीच लिवलंय? चहा पायजे म्हनून धड सांगता येत न्हाई मानसाला, आन् राक्षस बोलिवतंय!”

स्वप्ना खिदळली. गुरुजींनी पेपराआड हसल्यासारखं केलं. सातवं प्रकरण संपत आलं होतं. आठवं लहान आहे. जेवणं झाली, की मग – नववं.

नवव्या प्रकरणात सावत्र आई मेलेल्या सवतीचा टाक गळ्यातून तोडून विहिरीत टाकते.

कुणासाठी लिहिलं हे मी? बबितासाठी, दुसरं कुणासाठी... बबिता, रतनबाईची पोटची, आता धारूरला नांदते, तिचीच मुलं मोठी झाली. पण शाळेच्या ओट्यावर तिला एकटीला बसलेलं गुरुजींना अजून दिसतं, आणि पोरी म्हणतात – सावत्रीची हाय ती, डोळं बघा तिचं. त्या पोरीला एकदा तरी गोष्टीत जिंकवायचं होतं. आणि मुलगी जिंकायची तर आई काळीकुट्ट हवी, असं त्यांना वाटलं – का वाटलं, देव जाणे – म्हणून ते एका दुपारी सावत्र आईनं करावं असं सगळ्यांत वाईट काय, ते शोधत बसले, आणि सापडलं तेव्हा स्वतःवर इतके खूश झाले की उठून अंगणात फेरी मारून आले. अंगणात रतनबाई ज्वारी पाखडत होती. पत्रा सुपावर लोंबत होता. तेव्हा मनात आलं होतं... नाही कसं, आलंच होतं, माशी यावी तसं येऊन गेलं – तिला कुठं वाचता येतं.

एवढाच विचार. तिनं हरिओमला पाठीवर बांधून धुणी धुतली, त्याचा गोवर काढला, आणि मी...

स्वप्ना पाणी प्यायला उठली तसे गुरुजी रांजणापाशी गेले.

“अगं, ते नववं प्रकरण आहे ना... जरा रेंगाळलंय. ते सोडून दहावं वाच आजीला.”

“आबा! तेच तर भारी आहे. मी रात्री पुढचं वाचून टाकलं. आजीला आवडेल बघा.”

“तसं नाही, म्हणजे...” पुढचं वाक्य त्यांना कागदावर सुचलं असतं. तोवर ती पेला पालथा घालून गेलीसुद्धा.

जेवताना मनात आलं, कपिलधारला निघून जावं, धबधब्यापाशी बसावं, माणसाचा आवाज ऐकू येत नाही तिथं. पण जेवून उठले ते पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. रतनबाईनं उरलेला लसूण पुढं ओढला, आणि स्वप्नानं नववं उघडलं.

ती छान वाचते. विहिरीचा काठ, दुपारची वेळ, तटकन तुटलेला दोरा... गुरुजींना आपलाच एकेक शब्द पोरकट वाटत गेला. मग स्वप्ना मध्येच थांबली.

“आजी, हेच का ते? तुझ्या गळ्यातलं?”

“हां. ही तुजी खरी आजी. पाया पड.”

स्वप्नानं हात जोडले, थोडी गोंधळली, आणि पुढं वाचलं: “‘टाक पाण्यात पडला तेव्हा साधा आवाजसुद्धा झाला नाही.’ किती दुष्ट ना, आजी?”

“टाकला?” रतनबाईचा हात थांबला नव्हता. “हिरीत?” आणि मग, लसणाचं साल फुंकरीनं उडवत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “बरं केलं बाई. तिला जमलं.”

गुरुजींच्या हातातला पेपर खाली आला.

“मग?” रतनबाई म्हणाली. “पुढं काय झालं तिचं?”

“पुढं मुलगी विहिरीत उतरते, आणि...”

“लेकीचं न्हाई इचारत मी. त्या बाईचं.”

स्वप्नानं पानं पुढं उलटली, पुन्हा मागं उलटली. “ती... येतच नाही गं परत.”

“येत न्हाई कशी? जित्तं मानूस हाय. त्येंच्या घरी सांच्याला भाकरी कुनी केल्या मग?” तिनं मान वर केली. “आवो गुरुजी, लिवनारे तुमीच न्हवं? कुटं गेली ती?”

“सांगतो,” ते म्हणाले. आणि तिला विहिरीवरून परत फिरताना बघायला लागले – हात हलका झाला असेल, की गळा ओकाबोका वाटला असेल, मागं वळून बघितलं असेल, घरात शिरताना ती कुणाला घाबरली असेल, मेलेलीला की नवऱ्याला... काही दिसेना. तिला चेहरा द्यायला गेले तर एकच चेहरा पुढं आला, आणि त्या चेहऱ्याला आपण उभ्या जन्मात एकही प्रश्न विचारल्याचं त्यांना आठवेना. रतनबाई अजून वाट बघत होती. सकाळपासूनची भीती शोधूनही सापडत नव्हती. तिच्या जागी दुसरंच काही, लहानपणी बापाच्या मेंढरांमागं जाताना, टेकडीपलीकडं काय असेल म्हणून पाय आपोआप पुढं पडायचे तसं – आणि ह्या वयात त्याचं काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं.