कारणाचा रकाना

वैमानिकाने कागद वाचला आणि सही न करता डॉक्टरांच्या टेबलावर परत सरकवला.

“आता काय? दोन आठवडे रजा, मग पुन्हा विमानात,” डॉक्टर म्हणाले. “याहून सोपं मी काय करू?”

“कारण खोटं आहे, सर.”

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : पत्नीच्या निधनामुळे थकवा व भ्रम.

सोमवारी गस्तीवर असताना त्याला विमानाच्या डाव्या अंगाला एक राखाडी, गोल वस्तू दिसली होती. पंख नाहीत, धूर नाही. तीन मिनिटं ती बरोबरीने उडाली आणि सरळ वर निघून गेली. त्याने तसा अहवाल दिला. तेव्हापासून डोळे दोनदा तपासून झाले होते, रक्त एकदा. काही सापडलं नव्हतं.

“अरे, तुझ्या सहवैमानिकानं ‘फुगा होता’ असं लिहून सही केली. शहाणा निघाला.”

“उतरल्यावर तो पंधरा मिनिटं विमानाबाहेर आला नाही. फुग्याला कोण घाबरतं?”

“हे बघ, बायको जाऊन चार महिने झाले. माणसाला काहीबाही दिसतं. त्यात लाज कसली?”

वैमानिकाने कागदावरच्या ‘पत्नी’ या शब्दावर बोट ठेवलं.

“ती असती तर म्हणाली असती, घरात समोरचा डबा दिसत नाही, आभाळातलं बरं दिसतं.” तो हसला नाही. “चार महिने मी तिला शोधतोय, सर. स्वयंपाकघरात, जिन्यात, बसथांब्यावर. एकदाही दिसली नाही. नसलेलं दाखवणारे डोळे असते, तर त्यांनी आधी तिला दाखवलं असतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

“हे कारण नाकारलंस तर उड्डाण कायमचं बंद. मग माझ्या हातात काही नाही.”

“बंद तर बंद. तिच्या मरणाआड मी लपणार नाही.”

त्याने कागद ओढून घेतला, कारणावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : जे दिसलं ते सांगितलं. मग सही केली आणि उठला.

तो दाराशी पोचला तेव्हा मागून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी हळू.

“किती जवळ आलं होतं रे?”

वैमानिकाने वळून पाहिलं. त्याच्या अहवालाचं पाकीट टेबलाच्या कडेला पडलं होतं. अजून चिकटवलेलंच.

“त्यात लिहिलंय, सर. फोडा आणि वाचा.”