मानाचं तबक

इंग्रज राजघराण्यातले कुणी चुलत-मावस पाहुणे बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या मेळ्यात पंधरा मिनिटं थांबणार होते आणि त्यातली तीन मिनिटं आपल्या मराठी मंडळाला मिळणार होती. ही बातमी घरच्या बैठकीत सांगताना मंडळाचा अध्यक्ष सुशील याच्या तोंडात नारळाची वडी होती. ओठांवर वडीचा चुरा आणि आवाज असा लोणी फासलेला, की विभावरीनं आपल्या बशीतली वडी बाजूला सारली.

"चांदीचं तबक देऊया," तो म्हणाला. "बाराशे डॉलर. शनिवारच्या शाळेच्या खात्यात पडलेत ना?"

पडलेत म्हणे! पापाकुरातल्या हॉलचं पुढच्या टर्मचं भाडं होतं ते. मराठीची ती शाळा विभावरी सहा वर्षं चालवत होती. अकरा मुलं, एक फळा, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात खडू.

"भावजी, हे पैसे गेले तर शाळा बंद पडेल."

"एका टर्मचा तर प्रश्न, वहिनी. ज्याच्या राज्यात राहतो त्याला काही द्यायला नको? पूर्वी वसाहतीतले लोक राजाला कर द्यायचेच की."

"राजा राहतो पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. कर आपण इथे भरतोच. पगारातून कापतात, डेअरीतल्या दुधावरही लावतात. त्यातून रस्ते होतात, दवाखाने चालतात. राजाला हा वेगळा कसला?"

"मानाचा."

"आपल्याकडे आहेर वहीत लिहून ठेवतात, कारण तो परत करायचा असतो. तुमचा राजा परत काय करणार?"

सुशीलनं दुसरी वडी उचलली. "फोटो," तो म्हणाला. अगदी मनापासून.

शिवजयंतीला हाच माणूस फेटा बांधून स्वराज्यावर अर्धा तास गरजला होता. मध्येच घसा बसला म्हणून विभावरीनंच त्याला पाणी नेऊन दिलं होतं. ते पाणी आता तिला आठवलं.

खात्यातून पैसे काढायला अध्यक्षांची आणि विभावरीची, दोघांचीही मंजुरी लागायची. सुशीलनं तिथल्या तिथे फोनवर बटण दाबलं. तिच्या हातातला फोन थरथरला. मंजूर की नामंजूर? दिवाणखान्यातली वीस माणसं तिच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"दाब गं," नवरा, रवींद्र, कुजबुजला. "मला नोकरी त्यानंच लावून दिलीय. लोकांत शोभा नको."

तिला त्याचीही किळस आली. आणि अशा कुजबुजीवर आपण आजवर मुकाट दाबत आलो, याची त्याहून जास्त.

मग तिला सात वर्षांचा क्षितिज आठवला. गेल्या शनिवारी वर्गातून त्यानं मिरजेच्या आजीला फोन लावला होता आणि एकही इंग्रजी शब्द न घालता विचारलं होतं, "आजी, तुझा चहा झाला का?" पलीकडून बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला होता.

तिनं नामंजूर दाबलं.

"वहिनींना मंडळात राहायचं दिसत नाही," सुशील गोड हसत म्हणाला. वडी दातांना चिकटलेली. मनुरेवाला घरी जाताना रवींद्रनं गाडीतला रेडिओ मोठा केला.

तबक मग घरटी वर्गणी काढून आणलंच. फोटोत ते छान आलं, पाहुण्यांचा मात्र नुसता खांदा आला.

नव्या टर्मच्या पहिल्या शनिवारी अकरापैकी चारच मुलं आली; बाकीच्यांच्या आईबापांना मंडळात राहायचं होतं. क्षितिज होता. विभावरीनं रिकाम्या खुर्च्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं आणि मोजल्या.

तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली. स्टिअरिंगवर सुशीलची बायको, सुमेधा. तिनं गॉगल काढला नाही, उतरली तर नाहीच. मागच्या सीटवरून तिची मुलगी वल्लरी, नेटबॉल खेळायचा गणवेश, नेटबॉलचे बूट, धावत आत आली.

"मावशी, आय अ‍ॅम अ‍ॅट नेटबॉल, ओके? डोन्ट टेल डॅड."

"मराठीत सांग. मग नाही सांगणार."

वल्लरीनं डोळे मिटून शब्द जुळवले. "मी... नेटबॉलला... गेले आहे."

"शाब्बास," विभावरी म्हणाली. "आता बस."