काढायची तारीख

मुलाने फ्रीजरमधून सतरावा डबा काढला, त्यावरचं हिम बाहीने पुसलं आणि चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली.

"चौदा फेब्रुवारी," त्याने मोठ्याने वाचलं. डबा टेबलावर बाकीच्या सोळांशेजारी ठेवला आणि अठरावा काढायला तो पुन्हा वाकला. बाहेर ऑक्टोबरचं कोवळं ऊन पडलं होतं.

बाई ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या. स्वतःच्याच स्वयंपाकघराची झडती चालू असताना माणसाने कुठे पाहावं, हे त्यांना सुचत नव्हतं, म्हणून त्या डब्यांकडे पाहत होत्या. पहिल्या तीन डब्यांच्या कडांना पाणी सुटायला लागलं होतं.

"आई," मुलाने आवाज एकदम मऊ केला, ताप आलेल्या पोराला औषध पाजताना करतात तसा. "आज काय तारीख आहे गं?"

"भिंतीवर कॅलेंडर आहे. बघ."

"तुला विचारतोय मी."

"मला ऐकू येतंय."

सून दाराच्या चौकटीशी उभी होती. ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि नवरा बोलत असला की मध्ये तोंड घालायची नाही. घालायचीच वेळ आली तर सगळ्यांचं बोलून संपल्यावर घालायची. आत्ता ती नुसती डबे न्याहाळत होती.

प्रकरण सुरू झालं होतं गेल्या रविवारी. मुलाने सरबतात टाकायला बर्फ हवा म्हणून फ्रीजर उघडला, तर आत डबेच डबे. क्रीम, मऊ चीज, चक्का, फेटलेलं क्रीम. आणि प्रत्येकावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात न उजाडलेल्या दिवसाची तारीख. डिसेंबर, जानेवारी, मार्च. तो तेव्हा काही बोलला नाही, पण आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज तो येताना रिकामी बॅग घेऊन आला होता. आमच्याकडे वरची खोली तयार आहे, चार दिवस राहून बघ, असं त्याने जिना चढतानाच सांगून टाकलं होतं. असल्या चार दिवसांना पाचवा दिवस असतो आणि सहावाही असतो, हे कळायला बाईंना कोणत्याही कॅलेंडरची गरज नव्हती. त्या वरच्या खोलीत पलंग होता, टीव्ही होता, खिडकीला नवे पडदे होते. चूल नव्हती आणि फ्रिज नव्हता.

खरं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. बाईंनी एकतीस वर्षं डेअरीत तपासणीचं काम केलं होतं. जे समोर येईल त्यात थर्मामीटर खुपसायची सवय, म्हणून सगळी डेअरी त्यांना थर्मामीटरबाई म्हणायची, आणि त्याचा त्यांना कधी राग आला नाही. तिथल्या शीतगृहाचा एक नियम होता: माल आत कधी गेला ते खोक्यावर लिहायचं नाही, बाहेर कधी काढायचा ते लिहायचं. दारात उभा राहून गारठणारा माणूस बोटांवर दिवस मोजत बसत नाही. त्याला आजची तारीख दिसली की त्याने ते खोकं उचलायचं. बाईंचा हात एकतीस वर्षं असाच चालला. मुलगा त्याच डेअरीच्या पगारावर मोठा झाला होता, पण आई तिथे नक्की काय करते, हे त्याने कधी विचारल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

आणि आजही त्याने विचारलं नाही. 'आई, हे असं का लिहिलंस?' एवढंच म्हणाला असता तर बाईंनी त्याला खुर्ची देऊन सगळं सांगितलं असतं. पण तो विचारत होता आजची तारीख, परवा विचारेल पंतप्रधान कोण. असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत, असं बाईंनी सकाळीच मनाशी ठरवून टाकलं होतं. राग आला की त्यांचं तोंड बंद व्हायचं, हे डेअरीतल्या मॅनेजरपासून सगळ्यांना माहीत होतं.

"एकट्या बाईला एवढं क्रीम लागतं कशाला?" मुलगा म्हणाला. "तू हे आणतेस, ठेवतेस आणि विसरतेस. हो की नाही?"

"नाही."

"मग सांग ना!"

"ते डबे आधी आत ठेव. वितळायला लागलेत."

"वितळू देत. फ्रिज बंदच करायचाय आज."

त्याने वाकून प्लगला हात घातला. बाई तीन पावलांत तिथे पोचल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला. जोर लावला नाही, नुसता ठेवला. हात थंडगार होता.

"याला हात लावलास," त्या म्हणाल्या, "तर तू माझा मुलगा आहेस हे मी खरंच विसरेन."

सुनेला हसू आलं. ते लपवायला ती पुढे झाली आणि तिने टेबलावरचा एक डबा उचलून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. तारखेखाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. मुलाने आठवडाभर फक्त तारखेचाच धसका घेतला होता. त्याखालची ओळ त्याने वाचलीच नव्हती.

"वीस तास, खालचा कप्पा," सुनेने वाचलं. मग दुसरा डबा. "पाणी काढून. सोळा तास." मग तिसरा. "आई, ही संपायची तारीख नाहीये ना?"

"नाही."

"मग काढायची?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून या घरात विचारला गेलेला हा पहिला सरळ प्रश्न होता.

"काढायची," त्या म्हणाल्या, आणि मग एकदाच्या बांध फुटल्यासारख्या बोलल्या. डेअरीतल्या चीजच्या उस्तादाशी त्यांचा वाद कसा होता, गोठवलेलं मऊ चीज मांजरसुद्धा हुंगत नाही, असं तो चारचौघांत कसा म्हणायचा, आणि मोठ्या डब्यात तसंच कोंबून, घाईघाईने बाहेर काढून ठेवलं तर ते रवाळच होणार, पाणी सोडणारच, यात चीजचा काय दोष. लहान लहान वाटे करायचे. आधी पाणी निथळू द्यायचं. गोठताना फुगतं, म्हणून वर बोटभर जागा सोडायची. आणि काढताना उन्हात नाही, ओट्यावर नाही, फ्रिजच्याच खालच्या कप्प्यात, सावकाश. मग चमचाभर दूध घालून फेटायचं.

"पण कशासाठी, आई?" मुलगा खुर्चीत बसला होता. त्याचा आवाज आता नेहमीचा झाला होता.

"कारण दुकानात डबे मिळतात ते चार माणसांच्या घराचे. मी अर्धा खाते. उरलेला अर्धा चौथ्या दिवशी फेकायचा. तुझे बाबा गेल्यापासून मी दोन वर्षं फेकत होते. दर वेळी फेकताना मला वाटायचं, हे घर माझ्यासाठी मोठं झालंय, बरोबर आहे पोराचं, जावं त्याच्याकडे." बाईंनी पदराने एका डब्यावरचं पाणी टिपलं. "मग एक दिवस मला राग आला. म्हटलं, डबा मोठा आहे तर डबा लहान करू. मी कशाला लहान होऊ?"

बाईंनी फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून एक डबा काढला. त्यावर आजची तारीख होती. शेजारी कालच आणलेला ताज्या चीजचा डबा होता. त्यांनी दोन वाट्या घेतल्या, पाठ फिरवून त्या भरल्या, एका वाटीतलं चीज थोडं दूध घालून फेटलं आणि दोन्ही मुलापुढे ठेवल्या.

"घे. आता मी तुझी परीक्षा घेते."

मुलाने दोन्ही चाखलं. पुन्हा चाखलं. डावीकडच्या वाटीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे ताजं."

"ते सप्टेंबरातलं," बाई म्हणाल्या. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

सुनेने मात्र डावीकडचं जिभेवर जरा वेळ घोळवलं. "याला किंचित रवा आहे. अगदी शेवटी लागतो."

"आहे!" बाई ओरडल्याच. "दोन तास आणखी ठेवायला हवं होतं. तुझी जीभ चांगली आहे गं." त्यांच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. सुनेला लग्नानंतरच्या अकरा वर्षांत ती प्रथमच मिळाली होती, आणि ती चक्क लाजली.

मुलाने दोन्ही वाट्या चाटूनपुसून संपवल्या. मग तो म्हणाला, "चुकलं माझं," आणि रिकामी बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. सहा डबे मऊ पडले होते. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही, म्हणून बाईंनी ते सुनेला पिशवीत भरून दिले, कशाचं काय करायचं तेही सांगितलं. सून पिशवी घेऊन नवऱ्यामागे गेली. बाहेरून त्यांच्या बुटांचे आवाज येऊ लागले.

बाई एकट्या राहिल्या. एकेक डबा उचलून, बोटाच्या पेराने ठोकून, खणखणीत वाजला की त्या आत ठेवत होत्या. मनातल्या मनात त्या उस्तादाशी बोलत होत्या, आणि उस्तादाने दुसरी वाटी मागितली होती. डोकं शाबूत आहे म्हटलं, पुरतं शाबूत. नवव्या डब्याला हात लावला आणि हात थबकला.

फेटलेलं क्रीम, दहा मार्च. फेटलेलं क्रीम म्हणजे निम्मी हवा. डबा हातात घेतला की रिकामा वाटला पाहिजे. हा जड होता. बाईंनी झाकण उघडलं.

आत पाणी होतं. नुसतं पाणी, गोठून काच झालेलं. कडेकडेने खालचा तळ दिसत होता.

त्यांनी चिठ्ठी वाचली. अक्षर त्यांचंच होतं, टपोरं, नीट, 'दहा'मधल्या 'ह'ला त्या नेहमी देतात त्या वळणासकट. त्यांनी खिडकीत ठेवलेली डब्यांची वही घेतली आणि पानं उलटली. प्रत्येक डब्याची तिथे नोंद होती. याची नव्हती. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं: नळ, डबा, पेन. काहीच हाती लागेना. एकतीस वर्षांत त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती, शीतगृहात अमोनियाची गळती झाली होती त्या दिवशीही नाही.

मोरी दोन हातांवर होती. गरम पाण्याचा नळ सोडला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. चिठ्ठी ओली होऊन आपोआप निघाली असती. बाहेर मुलगा म्हणत होता, "आई, निघतो आम्ही! येतो पुढच्या रविवारी!" त्याच्या आवाजातला भार उतरला होता.

बाईंनी नळाकडे पाहिलं.

"थांब," त्यांनी हाक मारली. "आत ये. बूट असू देत."

तो आला. मागोमाग सून आली. बाईंनी डबा टेबलावर ठेवला, झाकण बाजूला केलं.

"हे क्रीम नाही, पाणी आहे. चिठ्ठी मी लिहिली आहे. कधी लिहिली, का लिहिली, मला आठवत नाही. वहीत नोंद नाही."

मुलगा डब्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू पुन्हा सकाळसारखा होऊ लागला. त्याने तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

"तू बोलू नकोस. हे तू शोधलेलं नाहीस, मी शोधलंय. डॉक्टरकडे मी जाईन. मंगळवारी. तू बरोबर यायचं असेल तर ये, पण डॉक्टरने जे विचारायचं ते मला विचारायचं, मी बाहेर बसलेली असताना तुला नाही. आणि मी या घरात राहणार. उद्या आणखी एक डबा असा निघाला, तर तोही मीच सांगेन. नाही सांगता आला, तेव्हा बघू."

"आई, पण—"

"आधी हे."

त्यांनी वही उघडली आणि नव्या ओळीवर लिहिलं: फेटलेलं क्रीम, दहा मार्च. आत पाणी. कारण माहीत नाही. खाली सही केली. मग वही मुलाकडे सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"डेअरीत चूक सापडली की दोन सह्या लागायच्या," त्या म्हणाल्या. "ज्याची चूक त्याची, आणि ज्याने पाहिली त्याची. एकट्याने सही केली तर पान फाडता येतं."

मुलाने पेन उचललं. सून त्याच्या खांद्यावरून वाचत होती. त्याने एकदा आईकडे पाहिलं, बहुधा रडत असेल या समजुतीने. बाई रडत नव्हत्या. बाकीचे तीन डबे पटापट आत ठेवत होत्या, कारण त्यांच्याही कडांना पाणी सुटायला लागलं होतं.

"कुठे करू?" त्याने विचारलं.

"माझ्या खाली," बाई म्हणाल्या. "आणि वाचता येईल अशी कर."