पुसलेलं मेण

दस्ता सप्टेंबरात पोस्टाने आला. लांबट खोका, आत चुरगळलेले कागद आणि त्यात अक्रोडाच्या लाकडाचं ते धूड. बाहेरून बंदुकीच्या दस्त्यासारखं दिसणारं, पण कुठल्याच बंदुकीला अजून नीट न बसणारं. कारखान्याच्या पत्रकावर लिहिलं होतं, ‘नव्वद टक्के तयार’. डॅडने ते वाचलं आणि तो खो खो हसला.

“उरलेल्या दहा टक्क्यांतच सगळं बाळंतपण असतं, वांडा,” तो म्हणाला.

मागवला होता मार्चमध्ये. मार्च आणि सप्टेंबरच्या मध्ये ऑगस्ट येऊन गेला. ऑगस्टात डॅड घरामागच्या रानात हरवला. ज्या रानात त्याने सत्तर वर्षं हरणं मारली, त्याच रानात. भाजीच्या वाफ्यांत घुसणाऱ्या घुशी मारायला म्हणून गेला तो पाच तास आलाच नाही. मला सापडला तेव्हा एका पडलेल्या झाडावर भरलेली रायफल मांडीवर घेऊन बसला होता. मी कोण हे कळायला त्याला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ नळीचं तोंड माझ्याकडे होतं.

डॉक्टरने साफ सांगितलं, घरात एकही बंदूक ठेवू नका. माझा भाऊ रॉइस ॲरिझोनाहून फोनवर म्हणाला, “विकून टाक सगळ्या, त्यात काय एवढं?” फोनवरून सगळंच सोपं असतं. त्याने एकदा इथे येऊन या माणसाच्या तोंडावर हे बोलून दाखवावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही. सात बंदुका मी माझ्या घरी नेल्या, तुझं घर ओलसर आहे, गंजतील, असं काहीतरी सांगून. उरली ती त्याची लाडकी जुनी रायफल. तिचा दस्ता मुठीपाशी तडकला होता, म्हणून ती नुसती नळी आणि लोखंड होती; नवा दस्ता तिच्यासाठीच होता. तिचा बोल्ट मी काढून घेतला. बोल्ट म्हणजे हाताने मागेपुढे सरकवायचा तो पोलादी दांडा. तो नसला तर रायफल आणि पाण्याचा पाइप यांत फारसा फरक नाही. डॅडला म्हटलं, बोल्ट दुकानात दिलाय, चकाकी द्यायला.

म्हणजे हिशेब सरळ होता. ज्या दिवशी दस्ता पुरा होईल त्या दिवशी तो बोल्ट मागणार, आणि मला नाही म्हणावं लागणार. मी त्रेपन्न वर्षांची आहे. शाळेची बस चालवते, साठ कार्टी एका आरशातून वठणीवर आणते. पण त्या माणसाला मी आयुष्यात कधी नाही म्हणाले नव्हते.

सकाळची फेरी संपली की मी त्याच्याकडे जायची आणि दुपारच्या फेरीपर्यंत थांबायची. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम मांडून बसलेला असे. शिकंजा टेबलाला आवळलेला, पटाश्या ओळीने, खाली मॉमच्या वेळचं मेणकापड. काम पाहत राहावं असं होतं. लोखंडावर काजळ आणि तेल यांचा पातळ हात फिरवायचा, ते लाकडाच्या खाचेत ठेवायचं, हलकेच ठोकायचं, उचलायचं. जिथे लाकूड उंच तिथे काळा डाग पडतो. तेवढाच डाग खरवडायचा, कागदाइतका पातळ. परत काजळ, परत ठेवायचं, परत उचलायचं. दिवसातून पन्नास वेळा.

“जास्त काढलं की मेलीस,” तो मला सांगे. “लाकूड परत चिकटवता येत नाही.”

या कामात तो एकदाही चुकला नाही. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, पण काळा डाग दिसला की बोटं आपोआप बरोबर पटाशीकडे जायची. मला वाटायचं, डॉक्टरला इथे आणून बसवावं. मग कॉफीचं भांडं उचलताना तो विचारायचा, “तुझी आई बाजारातून आली नाही अजून?” मॉमला जाऊन सहा वर्षं झाली.

ऑक्टोबरभर बाहेरचं काम चाललं. कानस, मग जाड पॉलिशपेपर, मग बारीक. लाकडावर ओलं फडकं फिरवायचं, म्हणजे कूस उभी राहते, वाळली की घासून टाकायची. मग जवसाचं तेल. तेलाचा पहिला हात लागला आणि ते मातकट लाकूड आतून उघडलं. गडद तपकिरी, मध्ये मधासारखे पट्टे.

“दुकानवाल्याने बोल्ट दिला का गं?” त्याने विचारलं.

“पुढच्या आठवड्यात म्हणालाय.”

“महिनाभर पुढचाच आठवडा चाललाय त्याचा. मीच जातो उद्या.”

“डॅड, अजून तेलाचे हात बाकी आहेत. चारच झालेत.”

झाले होते नऊ. त्याने दस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग आणखी चार हात दिले. असं मी त्याच्या विसरण्यावर माझे दिवस ढकलत होते. याची मला लाज वाटायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी तेच करायची.

तो म्हणायचा, “सोमवारी शिकारीच्या कॅम्पवर निघायचं.” हरणांच्या शिकारीचा मोसम पूर्वी सोमवारी उघडायचा. आता तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर शनिवारी उघडतो, पण इथले सगळे म्हातारे अजून हट्टाने सोमवारच म्हणतात. त्यामुळे तो विसरलाय की नुसता अडून बसलाय, हे मलाही सांगता यायचं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटचं काम उरलं. खाचेत एपॉक्सीचा लगदा भरायचा आणि त्यात लोखंड बसवायचं, म्हणजे ते सुकल्यावर दोघांमध्ये केसाइतकीही फट राहत नाही आणि गोळी नेमकी जाते. यात भानगड एकच. लोखंडाला आधी मेण चोपडावं लागतं. नाहीतर एपॉक्सी लाकूड आणि लोखंड यांना कायमचं एक करून टाकतं. रविवारी मी गेले तेव्हा तो मेण लावत होता, फरशीच्या मेणाच्या डब्यातून, एकेका कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकांतसुद्धा. मी निर्धास्त झाले.

सोमवारी मी पोचले तोवर त्याने लगदा कालवलेला होता.

“मेण लावलंयस ना?” मी विचारलं.

त्याने हात थांबवला. “वांडा, तू लंगोटात होतीस तेव्हापासून मी हे करतोय. चाळीस रायफली बसवल्यात. तू मला मेण शिकवणार?”

“तसं नाही रे डॅड.”

“मग कसं?”

टेबलावर स्पिरिटची बाटली होती आणि शेजारी एक मळकं फडकं. मी ते पाहिलं. पाहूनही मूग गिळून बसले. आठवडाभर मी त्याला औषध घेतलंस का, पाणी प्यायलास का, बटणं नीट लाव, एवढंच विचारत होते. एक गोष्ट तरी अशी असू दे जिथे मी तपासणार नाही, असं मला वाटलं. त्याने लगदा भरला, लोखंड बसवलं, स्क्रू पिळले, बाहेर आलेला लगदा काडीने पुसून घेतला. किती देखणं काम.

मंगळवारी स्क्रू काढले. त्याने दस्ता उलटा धरला आणि नळीवर तळहाताने थाप मारली. एरवी त्या थापेसरशी लोखंड सुटून हातात येतं. काही हललं नाही. पुन्हा थाप. मग लाकडी हातोडीने, हलकेच, मग जरा जोरात. मला आतल्या आत कळून चुकलं. दररोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तो लोखंड स्पिरिटने पुसायचा, काजळाचे डाग निघावेत म्हणून. दोन महिन्यांची ती सवय. सोमवारीही पुसलं. रविवारचं सगळं मेण त्या फडक्यात गेलं.

आम्ही ती रायफल फ्रीझरमध्ये घालून पाहिली, थंडीने लोखंड आकसतं म्हणून. नळी बाहेर राहिली आणि झाकण लागेना. मग पडवीत ठेवली, दोन दिवस कडाक्याच्या थंडीत. गुरुवारी आत आणून पुन्हा ठोकली. लाकूड आणि लोखंड ढिम्म. जणू ते तसंच उगवलं होतं.

डॅड खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ऑगस्टात त्या पडलेल्या झाडापाशी पाहिलं होतं.

“हे कोणी केलं?” त्याने विचारलं. “मी मेण लावलं होतं. लावलं होतं ना? मला आठवतंय लावताना.”

“लावलं होतंस.”

“मग?”

मला ते बघवेना. “मी पुसलं,” मी म्हटलं. “सोमवारी तू हात धुवायला गेलास तेव्हा. मला वाटलं तेल राहिलंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मग सुरू झाला. किती वर्षांनी! मला काडीची अक्कल नाही, माझ्या हाताला कधी वळण लागलं नाही, पंधराव्या वर्षी मी त्याचा ट्रॅक्टर तळ्यात घातला होता, आणि माणसाने दुसऱ्याच्या कामात हात घालायच्या आधी तोंडाने विचारावं, देवाने तोंड त्यासाठीच दिलंय! गाल लाल झाले, बोट नाचायला लागलं. माझा बाप परत आला होता, पुरता, आणि मी खाली मान घालून ऐकत होते. इतकी सुखाची बोलणी मी आयुष्यात खाल्ली नाहीत.

घरी जाताना गाडीत आणखी एक गोष्ट कळली, आणि तिची मला फार लाज वाटली. मला हायसं वाटत होतं. आता रायफल वाया गेली. आता बोल्ट कोण मागणार? नाही म्हणायची वेळच येणार नाही.

पुढच्या बुधवारी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, मी सणासाठी केलेलं भोपळ्याचं गोड घेऊन गेले. डॅड दाढी करून बसला होता. लाल चौकड्यांचा शिकारीचा कोट खुर्चीच्या पाठीवर. टेबलावर रायफल, पुसून लख्ख.

“बोल्ट आण,” तो म्हणाला.

“अरे, पण ती तर चिकटलीय.”

“चिकटली तर चिकटली. हरणाला काय करायचंय? नेमबाजीवाले मुद्दाम चिकटवून घेतात. उडायला काही होत नाही तिला. उलट जास्त नेमकी जाईल.” तो प्रसन्न होता. “तुझी चूक पथ्यावर पडली म्हण. आण बोल्ट.”

खरं होतं. मला हे माहीत असायला हवं होतं, मी याच घरात वाढलेय. मी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. हात पुसले. पुन्हा पुसले.

“नाही,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे? अजून दुकानात?”

“दुकानात कधीच नव्हता. माझ्याकडे आहे. डॉक्टरने सांगितलंय, डॅड. तुला बंदूक द्यायची नाही. तू विसरतोस.”

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे विचार करत राहिला, काळा डाग शोधताना करायचा तसा.

“काय विसरतो मी?” त्याने विचारलं. “दस्ता मी बसवला. एक खाच चुकली? एक डाग जास्त खरवडला? बघ ना. दाखव मला कुठे चुकलं ते.”

“नाही चुकलं कुठे.”

“एकच गोष्ट बिघडली, ती मेणाची. आणि मेण तू पुसलंस. तूच कबूल केलंस, या इथे उभी राहून.” त्याचा आवाज अजिबात चढला नाही. “मग चुकलीस तू आणि बोल्ट माझा का जातो, वांडा?”

माझ्याच तोंडचं वाक्य, त्याने आठवडाभर नीट जपून ठेवलेलं. दुसरं काही त्याच्याकडे राहत नव्हतं आणि हे मात्र राहिलं. आता एक तर बोल्ट द्यायचा, नाहीतर ते वाक्य परत घ्यायचं. रॉइसला फोन लावावा असंसुद्धा क्षणभर मनात आलं.

“मी नाही पुसलं,” मी म्हटलं. “मी त्या लोखंडाला हातही लावला नव्हता. तू पुसलंस. स्पिरिटने, सकाळी.”

“मी?”

“हो.”

“आणि तू माझी बोलणी खाल्लीस?”

“हो.”

त्याने मळक्या फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. दोन्ही हात त्याने टेबलावर उपडे ठेवले, रायफलीपासून जरा लांब. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले.

“आणखी काय काय?” त्याने विचारलं.

“काय आणखी?”

“मी केलेलं आणि तू स्वतःवर घेतलेलं. आणखी काय काय आहे? सांग सगळं.”

मला वाटलं होतं नाही म्हणणं हेच सगळ्यात अवघड असेल. तो वाट बघत होता, ताठ बसून, दाढी केलेला, आणि त्याला सगळं हवं होतं. मॉम आता नाही, हे सगळ्यात शेवटी सांगायचं, एवढंच मी ठरवलं. रात्रभर चालू राहिलेल्या गॅसच्या शेगडीपासून मी सुरुवात केली.