सहभागी क्रमांक सतरा

त्या सात मजली विद्यापीठात संशोधन कितीही उंचीचं असो, ते मावशींच्या लिफ्टमधूनच वर जायचं. मावशी स्टुलावर बसून बटणं दाबायच्या, आणि दार बंद झालं की आयत्याच संशोधकांच्या तावडीत सापडायच्या. भाषाशास्त्रवाल्यांनी त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. शरीरशास्त्रवाले दर सहा महिन्यांनी त्यांचे गुडघे तपासत. अर्थशास्त्राचा चष्मेवाला, अनोळखी माणसाकडे घराची किल्ली द्याल का, हे विचारून विचारून डोकं खाई. मानसशास्त्राची पोरगी तर रडकुंडीला आली होती. तिला प्रश्नांचे फॉर्म भरायला तीस बायका हव्या होत्या आणि तीस काही भरत नव्हत्या. मावशींना दया आली. त्यांनी एक फॉर्म चिडक्या बाईसारखा भरला, एक भोळ्या बाईसारखा, एक थोरल्या जावेला डोळ्यांसमोर ठेवून. मग त्यांना त्यात मजाच वाटायला लागली.

अशातच कुलसचिवांचं बऱ्याच कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं फर्मान निघालं. लिफ्ट आता आपोआप चालणार, मावशींनी तळघरातल्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात जावं. वीस वर्षं त्यांनी माणसांची तोंडं पाहिली होती, आणि आता दिवसभर नुसते गठ्ठे! चार माणसांशी बोलल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

रडत बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी चारही विभागप्रमुखांना एकेक करून लिफ्टमध्ये गाठलं.

"पुढच्या महिन्यापासून मी नाही हं इथे," त्या प्रत्येकाला म्हणाल्या. "तुमचा अभ्यास अर्ध्यावर राहणार, याचंच वाईट वाटतं बघा."

चौघांचेही चेहरे उतरले. चौघांनीही कुलसचिवांना तातडीची पत्रं लिहिली. पण संशोधनात भाग घेणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा नियम. त्यामुळे एकाने लिहिलं, सहभागी क्रमांक सतरा यांना हलवू नये. दुसऱ्याने लिहिलं, आमच्या 'क' व्यक्तीची बदली रोखावी.

मावशी बदलीच्या कागदावर सही करायला गेल्या, तेव्हा कुलसचिवांच्या खोलीत चौघेही हमरीतुमरीवर आले होते.

"अहो, पण माणूस कोण ते तरी सांगा!" कुलसचिव कपाळाला हात लावून बसले होते. "एवढ्या बदल्यांतली एकच मला थांबवता येईल. नाव कळल्याशिवाय मी थांबवू कोणाला?"

"नाव सांगता येणार नाही," भाषाशास्त्राच्या बाई म्हणाल्या. "आमच्या बाई फार बोलक्या आहेत, एवढंच सांगते."

"मग आमच्या वेगळ्या," अर्थशास्त्राचे सर म्हणाले. "आमच्या हो-नाहीच्या पुढे जात नाहीत."

मावशींना वाटलं, हे विद्वान भांडत बसतील आणि आपण खाली गठ्ठे मोजत बसू. त्या पुढे झाल्या.

"साहेब, तुमच्या नियमाने यांनी नाव सांगायचं नाही. मी माझं सांगितलं तर चालेल ना? क्रमांक सतरा मीच. ती 'क' पण मीच. गुडघेही माझेच." मग जरा चाचरत त्यांनी जोडलं, "आणि मानसशास्त्रात मी अकरा बायका आहे."

मानसशास्त्राच्या प्रमुखांनी रुमाल काढून मान पुसली. त्या तीस बायकांवरचा पोरीचा प्रबंध गेल्याच वर्षी गाजला होता, त्याचा पुढचा भाग चालू होता, आणि पारितोषिक घेताना त्यांनी स्वतः भाषण ठोकलं होतं. बाकीचे तिघे खिडकीबाहेर बघू लागले.

"हे इथेच राहू दे," शेवटी शरीरशास्त्राचे सर घसा खाकरून म्हणाले, "आणि मावशी लिफ्टमध्येच राहू देत."

चौघांच्याही माना एकदम हलल्या. त्या इमारतीत कुठल्याही गोष्टीवर चार विभागांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ असावी. ते गेल्यावर कुलसचिवांनी बदलीचा कागद टराटरा फाडला. मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पदराने टिपलं.

"मावशी, एक खरं सांगा," कुलसचिव हसू दाबत म्हणाले. "त्या अकरांमधली खरी कोण?"

"सगळ्याच खऱ्या, साहेब," मावशी म्हणाल्या. "त्यातली एकसुद्धा गोदामात जायला तयार नव्हती."